नंबर लागू दे

‘देवा, पास होऊ दे’ आणि ‘देवा, नंबर लागू दे’ या दोन मागण्या बहुतेक एकाच तोंडून, एकाच देवापुढे, एकाच नारळावर उरकल्या जातात. म्हणून त्यांतला फरक कुणाला जाणवत नाही. आमच्या वेळी मध्य प्रदेशात अकरावीला हायर सेकंडरीचं बोर्ड असे. तेहतीस मार्क पडले की पास. वर्गातल्या सगळ्याजणी पास झाल्या असत्या तरी माझं काही बिघडणार नव्हतं. आईने माझ्यासाठी मारुतीला प्रदक्षिणा घातल्या, त्या कुणाच्या मुलीच्या मुळावर येणाऱ्या नव्हत्या. नंबर लागणं ही गोष्टच वेगळी. माझा नंबर वर सरकायचा तर कुणाचा तरी खाली सरकलाच पाहिजे. दोघांनाही वर सरकवणं देवाला जमायचं नाही, कारण इथे कृपेपेक्षा वजाबाकी चालते.

मी नोकरीभर सरकारी शाळांत बायोलॉजी शिकवली. यजमान भेलमध्ये होते, त्यामुळे संसार भोपाळला पिपलानीच्या क्वार्टरमध्ये झाला आणि आता अवधपुरीतल्या फ्लॅटमध्ये. संध्याकाळी चार-पाच मुलं जेवणाच्या टेबलाभोवती पुस्तकं पसरून बसतात. फी घेत नाही, म्हणून मला कुणी घाबरत नाही आणि कोचिंगमध्ये जे विचारता येत नाही ते इथे विचारतात. त्यातले निम्मे प्रश्न बायोलॉजीचे नसतात.

आकडे एकदा सांगून टाकते. 2024 साली मेडिकलच्या प्रवेशासाठी नीटला 23 लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा 1 लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. 720 मार्कांचा पेपर. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. एका प्रश्नाच्या फरकात किती मुलं दाटीने उभी असतात हे स्टेट कोट्याची यादी एकदा बोटाने खाली सरकवत पाहिलं की कळतं.

परीक्षेच्या दिवशी केंद्राचं गेट दीड वाजता बंद होतं. त्याआधी झडती. कानातलं काढा, चमकी काढा, केसातली पिन काढा. मनगटावरचे धागे कात्रीने कापतात. वैष्णोदेवीचा कलावा, दर्ग्यावरून आणलेला दोरा, आजीने बांधलेला काळा गंडा, सगळे गेटशेजारच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. मी एकदा एका मुलीला सोडायला गेले होते, तेव्हा ते खोकं बराच वेळ पाहत उभी राहिले. एकमेकांच्या विरुद्ध मागितलेले नवस तिथे एकात एक गुंतून पडले होते आणि कुठला कुणाचा हे ओळखायला मार्ग नव्हता.

समोरच्या फ्लॅटमधली पोरगी बारावीत आहे. शाळेच्या पटावर नाव आहे, शाळेत फारशी जात नाही. याला इथे सरळ ‘डमी’ म्हणतात आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. सकाळपासून एम. पी. नगरला कोचिंग, रविवारी टेस्ट, टेस्टनंतर बॅचमधला रँक आईच्या मोबाइलवर. पावसाळा संपता संपता भोपाळात डेंग्यू येतो तसा तो यंदाही आला आणि तिच्या बॅचमधली, कायम पहिली येणारी मैत्रीण अंथरुणाला खिळली. ही माझ्याकडे आली, पुस्तक उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, “आजी, तिला डेंग्यू झाल्याचं कळलं तेव्हा मला बरं वाटलं. मग वाईट वाटलं. पण आधी बरं वाटलं.”

थोड्या वेळाने विचारलं, “हे पाप आहे का?”

आपल्याकडे पापाची तीन खाती आहेत, कायिक, वाचिक आणि मानसिक. दुसऱ्याचं वाईट चिंतणं हे तिसऱ्या खात्यातलं, मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायातही ते तसंच मांडलंय. पण या पोरीने काही चिंतलं नव्हतं. डास तिने सोडला नव्हता. नुसतं आतून हलकं वाटलं होतं, आणि तेवढंही तिला खुपलं, याचंच मला कौतुक. मी म्हटलं, “पापाचं मला कळत नाही. तिचे तास बुडताहेत, तुझ्या नोट्स पाठव.”

“पाठवल्या तर तिचे मार्क वाढतील.”

“वाढतील की.”

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, श्वसनाच्या धड्याचे फोटो पाठवले, जेनेटिक्सचे नाही. जेनेटिक्सवर प्रश्न जास्त येतात. मी हसले. धर्माच्या वाटेवर माणूस किती पावलं चालला ते मोजायला मला तरी एवढं स्वच्छ माप दुसरं माहीत नाही.

अशा वेळी वडीलधारी माणसं गीता काढतात. तिच्या कोचिंगच्या जिन्यातही दुसऱ्या अध्यायातला तो सत्तेचाळिसावा श्लोक मोठ्या अक्षरांत लावलेला आहे: काम तुझं, फळाकडे बघू नकोस. त्याच इमारतीच्या बाहेर तीन मजली फलक आहे, त्यावर गेल्या वर्षीच्या फळांचे फोटो, रँकसकट. फळ बाहेर टांगायचं आणि निरिच्छता जिन्यात शिकवायची, वर वर्षाची फी आगाऊ घ्यायची! मला श्लोकाबद्दल तक्रार नाही, जागेबद्दल आहे.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यात कर्मयोगाबद्दल एक फार व्यवहारी मुद्दा येतो: फळाचा विचार करण्यात ज्याचा वेळ जात नाही, त्याचं काम आपोआप सरस होतं. हे मी मुलांना सांगते, आणि ते खरंही आहे. पेपरच्या मध्यात जो मार्कांची बेरीज करायला बसतो तो पुढचे तीन प्रश्न घालवतो. पण अडचण इथेच सुरू होते. मुलं लगेच विचारतात, म्हणजे फळाचा विचार सोडला तर मार्क वाढतात? झालं! फळ सोडायचं तेही जास्त फळासाठी. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला डॉक्टर होण्याची इच्छाच धरू नकोस असं मी सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. इच्छा नसती तर ते पोर पहाटे पाचला बेंझीनच्या रिंगा काढत बसलं असतं कशाला?

आणि श्लोकाने माझा मूळ प्रश्न सुटतच नाही. फळाकडे मी पाहिलं नाही, तरी ते फळ एकच आहे आणि ते मला मिळालं तर दुसऱ्याला मिळणार नाही, हे तसंच राहतं.

इथल्या मराठी मंडळींचा कुठलाही कार्यक्रम पसायदानाशिवाय उठत नाही. गणेशोत्सवात पुढच्या रांगेत हीच नीटवाली मुलं हात जोडून उभी होती. 1290 साली ज्ञानेश्वरी पुरी करताना ज्ञानदेवांनी जे मागितलं त्यात हेही आहे की ज्याला जे हवं ते त्याला मिळो. सगळ्यांबरोबर मीही म्हणत होते आणि मनात आडवं आलं: हे कसं व्हायचं? 23 लाखांना हवंय, लाखभरच आहे. सातशेहून जास्त वर्षं आपण अशक्य मागणं मागतोय की काय?

घरी येऊन पुन्हा वाचलं. हे मागणं पहिलं नाही. त्याआधी दुष्टांचा वाकडेपणा जावो हे आहे, त्यांना सत्कर्माची गोडी लागो हे आहे, जिवाजिवांत मैत्री होवो, पापाचा अंधार सरो, प्रत्येकाला आपल्या धर्माचा सूर्य दिसो, हे सगळं आहे. मग कुठे ज्याला जे हवं ते. ज्ञानदेव वयाने लहान होते, हिशेबाला कच्चे नव्हते. आधी मागणारा बदलायचा, मग त्याचं मागणं पुरवायचं. मैत्रिणीच्या डेंग्यूने हलकं वाटणं हा वाकडेपणाच, आणि तो दुष्टांची मक्तेदारी नाही. नाकासमोर चालणाऱ्या, दोन वेण्या घातलेल्या मुलीतही असतो. तो गेल्यावर तिला काय हवंसं वाटेल, हे मला सांगता येणार नाही. तिलाही आज सांगता येणार नाही.

मात्र एक गोष्ट मला दिसते. एकदा ती गणपतीला वाहायला जास्वंदी घेऊन चालली होती. म्हटलं, एक इकडे दे. पाकळ्या काढल्या, खालची हिरवी वाटी सोलली, आत वाटाण्याएवढा फिकट हिरवा अंडाशय. नव्या ब्लेडने तो आडवा कापला आणि भिंगाखाली धरला. पाच कप्पे, आणि प्रत्येकात मधल्या दांड्याला चिकटलेले पांढरे बारीक मणी. अकरावीच्या पुस्तकात या रचनेला जास्वंद, टोमॅटो आणि लिंबू अशी उदाहरणं दिलेली आहेत. त्यावरचा प्रश्न तिने टेस्टमध्ये कितीदा बरोबर सोडवला असेल. भिंगावरून डोळा न उचलता म्हणाली, “अरे, हे तर खरंच असतं!” मग रोज देवाला वाहिलेल्या फुलात हे असतं हे आपल्याला माहीत नव्हतं, याचं तिला नवल वाटलं, आणि दुसरं फूल तिने स्वतः कापलं. गणपतीला त्या दिवशी तीनच मिळाली.

त्या पंधरा मिनिटांत कुणाचा नंबर खाली गेला नाही. तिने जे पाहिलं ते तेवीस लाखांनी पाहिलं तरी तिचं कमी झालं नसतं. एकाच टेबलावर, एकाच पुस्तकातून मुलं दोन गोष्टी कमावत असतात: एक वाटून संपते, एक संपत नाही. नवस फक्त पहिलीसाठी बोलला जातो.

जी वाटून संपते तिची चोरीही होते. आमच्या शहराला याची जरा जास्तच माहिती आहे. राज्याच्या प्रवेश आणि भरती परीक्षा घेणाऱ्या व्यापमचं ऑफिस इथलंच. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, पीएमटीत, पुढे हुशार भाडोत्री मुलगा बसवायचा, मागे पैसे भरलेला. पुढचा इंजिन, मागचा बोगी. रोल नंबर तसे जुळवून घेतलेले. 2013 साली हे चव्हाट्यावर आलं. 2008 ते 2012 या काळात असे प्रवेश घेतलेल्या 634 जणांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि मे 2016 मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत दोन दिशांना गेलं. न्या. सप्रे म्हणाले, प्रवेश रद्द. न्या. चेलमेश्वर म्हणाले, शिकलेलं ज्ञान फुकट घालवून समाजाचा काय फायदा. यांना पाच वर्षं सैन्यात पगाराविना, पोटापुरत्या भत्त्यावर सेवा करू द्या आणि मग डिग्री द्या. मी ते वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा वाटलं, हे तर धर्मशास्त्रातलं प्रायश्चित्त आहे, कोर्टाच्या भाषेत. पुढे 13 फेब्रुवारी 2017 ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रवेश रद्दच ठेवले.

माझे धाकटे दीर विदिशाला प्रॅक्टिस करतात. ते पहिल्यापासून चेलमेश्वरांच्या बाजूचे. “वहिनी, शिकलेलं काढून घेता येतं का? राबवून घ्या ना.”

मी म्हणायची, त्या 634 जणांच्या मागे 634 दुसरी मुलं होती. ती कोर्टात आली नाहीत, कारण आपली जागा चोरीला गेली हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं असेल, आपण कमी पडलो. कुणी बी.एस्सी. केलं असेल, कुणी बापाच्या दुकानात बसलं असेल. त्यांचं प्रायश्चित्त कोण घेणार? नवसातही तेच तर घडतं, यादीच्या खाली पहिला उभा असलेला जो कुणी, तो मागणाऱ्याला दिसत नाही. चोर आणि नवस बोलणारी आई यांना मी एका पारड्यात घालत नाही, पण दोघांच्याही नजरेतून सुटतो तो माणूस एकच.

भाऊजींना मी एकदा कोंडीत पकडायला गेले. ते स्वतः इथल्या गांधी मेडिकल कॉलेजला लागले ते वेटिंग लिस्टवरून. वरच्या कुणीतरी दुसरीकडे प्रवेश घेतला म्हणून यांना जागा मिळाली. म्हटलं, “तुमच्या वर त्या वर्षी एखादी बोगी असती तर?”

ते लगेच बोलले नाहीत. 1984 च्या 2 डिसेंबरच्या रात्री ते दुसऱ्या वर्षाला होते, होस्टेलवर. तोवर धड वॉर्डही पाहिला नव्हता. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला आणि जुन्या शहरातली माणसं डोळे चोळत, धापा टाकत कॉलेजच्या हमीदिया हॉस्पिटलकडे येऊ लागली. व्हरांडे भरले, मग आवार भरलं. वायू कोणता, त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना सांगणारं कुणी नव्हतं. या पोरांच्या हातात पाणी आणि डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स दिले आणि सांगितलं, घालत जा. भाऊजी त्या रात्रीबद्दल याहून जास्त आजवर बोललेले नाहीत.

मग म्हणाले, “बोगी असती तर मी तिथे नसतो, वहिनी. दुसरा कुणी असता. ड्रॉप्स त्यानेही घातलेच असते. ज्याच्या डोळ्यांत घातले त्याला काय फरक?”

मी गेले होते त्यांना पकडायला, आणि उत्तर माझ्याच प्रश्नाचं मिळालं. इतके दिवस मी ती जागा कुणाची, वरच्याची की खालच्याची, एवढाच खल करत होते. ती दोघांचीही नाही. हमीदियाच्या व्हरांड्यात जो पडला आहे त्याची आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिलं, त्यात ज्या लोकसंग्रहावर, म्हणजे सगळ्यांच्या भल्यासाठी काम करण्यावर, ते पुन्हा पुन्हा येतात तो मला आजवर पुस्तकी शब्द वाटायचा. इथे त्याला बसायला जागा मिळाली. सरकार कॉलेज बांधतं, प्रेत आणून देतं, वॉर्ड उघडून देतं, ते कुणाच्या पोराचं नशीब काढायला नाही, आजाऱ्याला उठवायला. चोरी वाईट ती यासाठीही, की चोराने त्या आजाऱ्याला न विचारता त्याचा डॉक्टर बदलला. भाऊजींना हे पटलं नाही. ते म्हणतात, 180 गोल काळे करून चांगला डॉक्टर निवडला जातो असं समजणाऱ्या तुम्हीच एकट्या. तेही खरंच आहे, पण तो वेगळा विषय.

समोरच्या पोरीला मी हे सांगून पाहिलं. म्हटलं, नंबर लागू दे असं मागू नकोस. जे येतं ते वेळेवर आठवू दे, एवढंच माग. ती आता तरबेज झाली आहे. म्हणाली, “आजी, मला आठवलं तर कुणाचा तरी नंबर खाली जाईलच ना? मागून गेला काय आणि अभ्यासाने गेला काय.” खरं आहे. तासभर जास्त बसलं तरी कुणाला तरी ढकललं जातं. मी म्हटलं, ढकललं जाणं आणि ढकलणं यांत फरक आहे. तुझ्या डोक्यात जे आहे ते उद्या पेशंटच्या उपयोगाचं आहे, दुसऱ्याच्या डेंग्यूचा पेशंटला काही उपयोग नाही. तिने मान हलवली. पटलं की कंटाळा आला, कळलं नाही.

एप्रिलमध्ये तिची आई म्हणाली, “काकू, सीहोरला येताय का?” सीहोरचा चिंतामण गणेश भोपाळहून तासाभरावर. बाजीराव पेशव्यांनी त्याचा जीर्णोद्धार केला असं सांगतात, म्हणून इथल्या मराठी माणसांना तो जरा आपला वाटतो. तिथली रीत अशी की देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून मागणं मागायचं आणि पुरं झालं की परत येऊन सुलटं काढायचं. भिंत शेंदराने माखलेली. उलटी स्वस्तिकं मोजायच्या पलीकडची, एकावर एक, जुनी पुसून त्यावर नवी. बुधवार होता, गर्दी होती. शेजारी एक बाई मुलाचं हॉल तिकीट भिंतीला टेकवून उभी होती. म्हणजे तीही आलीच होती, ‘विरुद्ध’ बाजूने.

मी रांगेत हळूच माझा मुद्दा काढला. म्हटलं, अगं, असं मागून पाहिलंस तर? त्या जागेवर जो पेशंटच्या जास्त कामाचा तो जाऊ दे, मग आपली असो की नसो.

तिने शेंदराचं बोट तसंच वर धरून माझ्याकडे पाहिलं. “काकू, तुम्ही मागा तसं. पेशंटसाठी मागणारे पुष्कळ असतील. माझ्या पोरीसाठी माझ्याशिवाय कोण मागणार?” आणि वळून तिने स्वस्तिक काढलं, नीट, रेघ न हलू देता.

मी काही मागितलं नाही. तिच्या बोलण्यावर मला तेव्हा काही सुचलं नाही आणि अजून सुचलेलं नाही. पोरगी खाली गाडीत बसली होती. दर्शनाला चल म्हणून काच वाजवली तर मांडीवरच्या पेपरवरून मान वर न करता म्हणाली, “आजी, पाच मिनिटं. एवढं पान होऊ दे.”